फ्रिजच्या दारातली कुपी आणि नवा तांदूळ

आमच्या घरी दिवस सुरू होतो तो सासूबाईंना उचलण्याने. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून त्यांना खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि परत खाटेवर न्यावं लागतं. नवऱ्याची नोकरी सिरोंच्याला. तो एखाद्या रविवारी इकडे मूल गावी, घरी येतो. बाकीचे दिवस पंचायत समितीतली नोकरी करून मीच सगळं पाहते. सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोडत जायची, हा माझा जुना स्वभाव. पन्नाशी जवळ आली तसा यादी संपायच्या आधीच माझा जीव संपायला लागला. उठतानाच खांदे असे दुखत, जसं काही झोपेत धानाची पोती वाहिली. भीती एकच होती. एखाद्या सकाळी आई माझ्या हातातून सुटतील.

हे मी धाकट्या दिराला फोनवर बोलले. तो नागपूरला असतो, जिमला जातो आणि त्याला प्रत्येक दुखण्यावर उपाय माहीत असतो.

"वैनी, तुमचं ग्रोथ हार्मोन कमी झालं असंन. वयानं होतेच. एक पेप्टाइडचं इंजेक्शन हाये, मी बी घेतो."

"हार्मोनचं इंजेक्शन? मला?"

"हार्मोन नाई टोचत आपण. मेंदूतल्या ग्रंथीले नुसता धक्का देतो, मंग ती आपलंच बनवते. झोप लागते, ताकद येते, चरबी उतरते."

"आणि काही झालं तर?"

"नॅचरल हाये वैनी, काय होते?"

त्याने पाठवलेली कुपी थर्माकोलच्या डब्यात, बर्फात बसून आली. मी ती फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी ठेवली. पावडरीत पाणी मिसळायचं आणि झोपण्याआधी बारीक सुईने पोटावर टोचून घ्यायचं. नेमाने करायचं काम मला जमतं. हेही जमलं.

खोटं कशाला बोलू, पहिले काही आठवडे झोप गाढ लागली. आईंना उचलताना दम कमी लागायचा. तो औषधाचा गुण होता की दिराच्या बोलण्याचा, ते आज ठरवता येत नाही.

मग बांगड्या घट्ट झाल्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. भाजी चिरता चिरता मी हात झटकायची.

"हात काऊन झटकून राह्यली वो?" आईंनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही आई, पाण्यात होता."

"धानाची रोवणी केल्यावानी सुजला तं तो. तू तं कधी चिखलात पाय नाई टाकला."

पुढे ऑफिसच्या आरोग्य तपासणीत साखर वाढलेली निघाली. आमचा भाग धानाचा. इथे साखर कोणाचीही वाढो, गुन्हेगार ठरलेला असतो. गावातल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "भात बंद." आणखी काय घेता, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही. औषध म्हणजे आजाराचं. कुपीतलं तर ताकदीचं होतं. मी ज्वारीच्या भाकरी थापायला लागले. साखर हलली नाही.

तेवढ्यात नवा तांदूळ घरात आला. आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला घास घरात असतील ती सगळी माणसं एकत्र बसून घेतात. एकाने नाही म्हटलं तर कोणीच खात नाही. मी आईंपुढे नव्या भाताचं ताट ठेवलं आणि माझ्या ताटात भाकरी. त्यांनी ओठ मिटले.

"तुले नाई, तं मले बी नाई."

"आई, मला साखर आहे."

"जनमभर भातच खाल्ला म्या. मले कुठी हाये साखर?"

ताट तसंच उचललं. पोतं कोपऱ्यात उभं राहिलं. जुन्या तांदळाचा भात त्या गुपचूप खायच्या आणि खाताना पोत्याकडे पाहायच्या. त्या जिभेला आता दुसरी हौस उरली नव्हती. निदान एक घास तरी मिळावा, म्हणून मी चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी माझी मनगटं दाबून पाहिली, मग पोट तपासलं.

"हे टोचल्याचे डाग कसले?"

"ते औषध नाही."

"मग काय आहे?"

सासूबाईंना उचलण्यापासून कुपीपर्यंत मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ज्यांच्यात हे हार्मोन खरंच कमी असतं त्यांना तपासून उपचार देतात, त्यांना फायदाही होतो. तुमचं कमी आहे, हे कोणी तपासलं?"

"दिराने. फोनवर."

त्या हसल्या नाहीत. मलाच हसू आलं. या इंजेक्शनांनी साखर वाढू शकते, अंगात पाणी साठतं, मनगटातली नस दबते, असं त्या म्हणाल्या. शरीरात एखादी गाठ लपलेली असेल तर तिलाही वाढायला बळ मिळेल, ही शंका आहेच. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं ते नीट कोणालाच ठाऊक नाही. आणि अशा कुपीत नेमकं काय भरलंय, याची हमी कोण देणार?

"सासूबाईंना तुमच्यासोबत कोण उचलतं?"

"कोणी नाही."

"मग थकव्याचं कारण ग्रंथीत कशाला शोधता?" त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, इंजेक्शन बंद केलं. भात मूठभर चालेल, म्हणाल्या.

परत येताना चिचपल्लीच्या जंगलात बस थांबली. रस्त्यात वाघ होता म्हणे. सगळी बस खिडक्यांशी गेली. मी जागेवरून उठले नाही.

घरी येऊन दिराला फोन केला. "कुपी नको पाठवू. तू ये."

"वैनी, शनिवारी माही जिम..."

"वजनच उचलायचं ना? ते इथे आहे."

तो आला. आईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "दंड तं लय फुगवले रे. आता मायले उचल."

अर्ध्यातच त्याला धाप लागली. अंगाखाली चादर कशी सरकवायची, पाय कुठे रोवायचे, मी दाखवलं. नवऱ्यालाही त्या रविवारी बोलावून घेतलं. नव्या भाताची ताटं घेऊन चौघं खाटेभोवती बसलो. आईंनी डाव्या हाताने घास उचलला, पण मी गिळेपर्यंत तोंडात घातला नाही.

साखर उतरतेय, हळूहळू. बोटांच्या मुंग्या कमी झाल्यात. खांदे दुखतातच, झोपही पुन्हा पूर्वीसारखी तुटक. पण दीर आता बऱ्याच शनिवारी येतो. त्या सकाळी मी पडून राहते, आणि पलीकडून आईंचा आवाज येतो, "हळू रे! धानाचं पोतं व्हय का मी?"