एस्कलेटरचा नारळ

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता आमच्या मॉलच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फूड कोर्टात मारायला माशीही नव्हती.

“वैशाली, पब्लिक नीचे है, खाना ऊपर है,” खन्ना सर म्हणाले. “ये चल क्या रहा है?”

“बघते, सर.”

“शाम तक देखो. नहीं तो वो मछलीवाला काउंटर कल से पास्तावालों को.”

खन्ना सर आमचे सेंटर हेड, दिल्लीहून आलेले. मी त्यांच्या हाताखाली ऑपरेशन्स मॅनेजर. म्हणजे दिवे, एसी, झाडलोट, सिक्युरिटी, पार्किंग, हरवलेली मुलं आणि सापडलेल्या छत्र्या. पनवेलला मॉल उघडून तिसरा दिवस होता. मोबाइलला अजून बटणं असायची आणि मॉल बघायचा तर लोक वाशीला जायचे, तेव्हाची ही गोष्ट.

मछलीवाला काउंटर सुनंदाताईंचा. त्या जवळच्याच गावच्या. आगरी लग्नांत जेवणाची ऑर्डर घ्यायच्या. एका लग्नात मी त्यांच्या हातचं कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी खन्ना सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. फूड कोर्टात सगळे बाहेरचे ब्रँड, निदान एक काउंटर इथल्या माणसाचा हवा, म्हणून आठवडाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, ट्रायल. चालला तर राहील. सुनंदाताईंनी त्या ट्रायलवर हातातल्या दोन लग्नांच्या ऑर्डरी सोडल्या होत्या. तीन दिवस ती बाई पांढरी टोपी घालून स्वच्छ काउंटर पुन्हा पुन्हा पुसत होती. मला पाहिलं की हसायची आणि मला तोंड लपवावंसं वाटायचं.

आमच्या धंद्यात फूटफॉल नावाचा शब्द आहे. दारातून किती माणसं आत आली, तो आकडा. दारावरचं यंत्र ते मोजतं आणि ते यंत्र तीन दिवस खूश होतं. पण माणूस आत आल्यावर कुठे अडतो, हे सांगणारं यंत्र नव्हतं. आम्ही गाणी हळू केली, बोर्ड मोठे केले, एसी वाढवला. फरक शून्य. म्हणून मी वॉकी-टॉकी कमरेला अडकवला आणि सरळ खाली जाऊन खांबाला टेकून उभी राहिले.

पाच मिनिटांत उत्तर मिळालं. तळमजल्यावरून थेट फूड कोर्टाला जाणारा लांबलचक एस्कलेटर होता. त्याच्या पायथ्याशी अर्धगोल करून दोनशे माणसं उभी होती आणि विहिरीत वाकून बघावं तशी वर बघत होती. खारघरच्या टॉवरमधली मंडळी फोनवर बोलत बोलत चढून जात होती. पण आसपासच्या गावांतून आलेली, चांगली नटूनथटून आलेली कुटुंबं तिथेच थबकत होती. एका गृहस्थांनी पाय पुढे केला, मागे घेतला, हसले. मागे त्यांचं सगळं कुटुंब हसलं. मग त्यांनी खालच्या सुपरमार्केटमधून एक बादली घेतली आणि सगळे घरी गेले.

तेवढ्यात दारातून एक घोळका आला. चाळीसेक माणसं, बहुतेक बायका. उरणकडच्या कोळीवाड्यातून बस्ता बांधायला आले होते. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. पुढे एक सत्तरीची बाई, घट्ट कासोट्याचं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि चालणं असं की सिक्युरिटीवाल्यानं न विचारता सलाम केला. सगळे तिला जनाआय म्हणत होते. ती एस्कलेटरपाशी आली आणि थांबली. मागचे चाळीसही थांबले.

“साड्यांचं दुकान वर आहे, आये,” मी म्हणाले. “जेवणही वरच. चला ना.”

“हलदीच्या साऱ्या घ्यावाच्या हान. सगल्यांना येकच रंग,” ती म्हणाली. पाय मात्र हलले नाहीत.

“मग चला.”

“नाय.” तिनं एस्कलेटरकडे बोट केलं. “हिला नारल फोरला काय?”

मी आठवून पाहिलं. उद्घाटनाला रिबन कापली होती. टीव्हीवरचा एक नट आला होता, दोनशे फुगे सोडले होते. नारळ? “ऑफिसात पूजा झाली, आये. तिथे फोडला.”

“ऑफिस चालतं का?”

“नाही.”

“मंग? जी चालते तिला फोरतान. नवी होरी पान्यान घालताना नारल. टेंपो आनला तरी नारल. हिला कुनी दिला?”

यावर ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये उत्तर नव्हतं. मी लिफ्ट दाखवली. “ती बी चालतेच ना?” जनाआय म्हणाली. तेही खरंच होतं.

मागे जीन्समधली एक मुलगी उभी होती. मी तिला म्हटलं, “तू तरी चल, तुझं बघून बाकीच्या येतील.” तिनं जीभच चावली. “मॅडम, मी वाशीला दर आठवड्याला चरते. पन आज बस्ता हाय. जनाआयच्या आदी कोन पाऊल टाकील?”

म्हणजे एक बाई अडली की चाळीस अडणार. आणि ते चाळीस पायथ्याशी उभे, म्हणजे मागचे दोनशेही अडणार. वर सुनंदाताई काउंटर पुसत होत्या. मी वॉकी-टॉकी काढला.

“सर, मोठा एस्कलेटर दहा मिनिटं बंद करायचाय.”

“संडे को? पीक अवर में? किसलिए?”

“नारियल फोडना है.”

वॉकी-टॉकी खरखरला. मग आवाज आला, “वैशाली, तुम ठीक हो?”

“सर, तुम्ही शाम तक म्हणाला होतात. आता बारा वाजतायत.”

“दस मिनट,” खन्ना सर म्हणाले. “और मुझे कुछ पता नहीं.”

आमचे एस्कलेटर मेकॅनिक इब्राहिमभाई, पनवेलच्या मोहल्ल्यातले. ते चावी घेऊन धावत आले आणि ऐकून आधी पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. “मॅडम, शौक से करो. मगर नारियल इधर नहीं. कोम्ब में एक रेशा गया ना, मशीन बैठ जायेगी.” एस्कलेटरच्या दोन्ही टोकांना, जिथे पायरी आत सरकते तिथे, दातेरी लोखंडी पट्टी असते. तिला कोम्ब म्हणतात. करवंटीचा तुकडा त्यात अडकला तर आमचा रविवार तिथेच संपला असता. अगरबत्तीही नको, धूर लागला की फायर पॅनेल बोंबलतं. अशा अटी मी घालत गेले आणि जनाआय एकेक मान्य करत गेली. नव्या जावयाच्या घरच्यांशी बोलणी करावीत तसा तिचा चेहरा होता.

नारळ सुपरमार्केटमधून आणला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर बारकोडचं स्टिकर. जनाआयनं नखानं स्टिकर खरवडून काढलं. “कागद लावलेला नारल देवाला देतान?” हळदकुंकू तिच्याच पिशवीत होतं, बस्त्याला पहिलं बोट लावायला आणलेलं. इब्राहिमभाईंनी चावी फिरवली. एस्कलेटर थांबला. तिनं स्टीलच्या कडेला हळदकुंकू लावलं, हात जोडले, बोटांनी पायरीला हलकेच शिवली आणि नारळ घेऊन बाहेर पार्किंगच्या कठड्यावर एका फटक्यात फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिबन कापली तेव्हा एवढ्या वाजल्या नव्हत्या.

मग तिनं चपला काढल्या.

“आये, नको!” मी ओरडलेच. “चप्पल घाला. बोटीत नाही का घालत?”

“बोटीत कोन चपला घालतं?”

माझी उपमा माझ्याच अंगाशी आली. इब्राहिमभाई पुढे झाले. “खाला, ये लोहे के दाँत देखो. उंगली खा जायेंगे.” जनाआयनं दात पाहिले आणि मुकाट्यानं चप्पल चढवली. इब्राहिमभाई मला हळूच म्हणाले, “मॅडम, इनका लुगडा एक नंबर. कुछ लटकता ही नहीं.” खरंच. आम्ही सिक्युरिटीला शिकवलं होतं की लोंबता पदर आणि ओढणी सांभाळा. कोळणीचं लुगडं मात्र जणू एस्कलेटरसाठीच बेतलेलं.

चावी फिरली. पायऱ्या सुरू झाल्या. “पिवळ्या रेघेच्या आत पाय, पट्ट्यावर हात,” मी म्हणाले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं पट्टा नाही धरला, माझं मनगट धरलं. पाऊल टाकलं. आम्ही निघालो.

जनाआयची मान ताठ होती, नजर समोर, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. पण माझ्या मनगटात तिची पाचही नखं रुतली होती, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नारळावर तिची श्रद्धा होतीच, त्यात खोट नव्हती. पण चाळीस माणसांदेखत “मना भ्या वाटतं” असं ती मेली तरी म्हणाली नसती. मी मनगट सोडवून घेतलं नाही.

वर पोचल्यावर तिनं उडी मारली. सत्तरीच्या बाईनं, चक्क उडी! मग मागे वळून खाली हाक दिली, “येवा गो! काय नाय होत!”

त्यानंतर जे झालं त्याला मॉलच्या भाषेत शब्द नाही. चाळीस बायका किंचाळत, एकमेकींचे पदर धरून, हसून हसून वाकत वर आल्या. त्यांच्यामागे बघे दोनशे. दोघी तर वर येऊन लिफ्टनं खाली गेल्या आणि पुन्हा एस्कलेटरनं आल्या. जनाआय वर गेली म्हणजे लिफ्टचीही हरकत संपली असावी. साडीच्या दुकानात सेल्समन म्हणाला, या रंगाच्या नऊच आहेत. जनाआय म्हणाली, “मंग बाकीच्या आन की.” तो फोन घेऊन गोडाऊनच्या मागे लागला आणि बायका अत्तराच्या दुकानात शिरल्या. फुकट फवारा मिळतो हे कळल्यावर चाळीस मनगटांवर अकरा वास झाले. ट्रायल रूमच्या आरशापुढे फोटोंना रांग लागली.

फूड कोर्टात जनाआयनं हात मागे बांधून एकेक काउंटर तपासला. पास्ता पाहून म्हणाली, “शेवया लय जाऱ्या झाल्या.” मोमोवाल्याला सांगितलं, “मोदकाला कल्या नाय परल्या तुज्या.” पोरांनी सिझलर मागवला. तो चर्र करत, धूर सोडत आला तेव्हा एकीनं त्यावर पेलाभर पाणी ओतलं. विझलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मी हसून हसून खांब धरला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा हसत होते.

शेवटी ती सुनंदाताईंच्या पुढे उभी राहिली. सुनंदाताईंनी वाटीत कालवण आणि भाकरीचा तुकडा दिला. जनाआयनं खाल्लं. बोट चाटलं. मला आमच्या इन्स्पेक्शनलासुद्धा इतकी धाकधूक झाली नव्हती.

“कंच्या गावची गो तू?”

सुनंदाताईंनी गाव सांगितलं.

“वाटलाच. मीठ जरा कमी हाय. पन कालवन आपला हाय.” मग मागे वळून, “बसा गो सगल्या!”

सगळ्या बसल्या. सुनंदाताईंच्या भाकऱ्या थापायला कोळीवाड्यातल्या दोघी आपणहून काउंटरच्या आत शिरल्या. टोपी घालायला लावली तर टोप्या घातल्या. गर्दी बघून खारघरवालेही रांगेत लागले. दोन वाजता बोंबील संपले, तीनला कोलंबी, पावणेचारला भात. सुनंदाताई टोपीनंच डोळे पुसत होत्या. माझेही ओले झाले होते, मी कांद्यावर ढकललं.

चार वाजता खन्ना सर भुकेले होऊन आले. “एक फिश थाळी.”

“खलास, सर,” सुनंदाताई म्हणाल्या.

त्यांनी सुनंदाताईंना पाहिलं, रांग पाहिली, मला पाहिलं. तेवढ्यात जीन्सवाली धावत आली. “मॅडम, जनाआय खाली नाय येत.”

खाली उतरणारा एस्कलेटर वेगळा असतो. शेजारीच, पण वेगळं मशीन. त्याला नारळ कुणी फोडला होता?

मी काही बोलायच्या आत खन्ना सर सुपरमार्केटकडे चालू लागले होते. कोट काढून माझ्या हातात दिला आणि पार्किंगच्या कठड्यावर नारळ आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदा हातातून निसटून एका गाडीखाली गेला. तिसऱ्यांदा फुटला आणि पाणी त्यांच्या टायवर आलं. वरच्या काचेतून चाळीस बायका ओरडत होत्या. दिल्लीचा तो माणूस लहान मुलासारखा हसत होता.

उतरताना जनाआयनं त्यांचं मनगट धरलं. खाली पोचल्यावर त्यांना हळदीचं आमंत्रण दिलं. ते मनगट चोळत म्हणाले, “आऊंगा.” आणि गेलेही.

सोमवारी सुनंदाताईंना लीजचं पत्र मिळालं. पास्तावाल्यांना दुसरी जागा दिली.

पुढे मी आणखी तीन मॉल उघडले. गिऱ्हाईक पायथ्याशी अडलं तर आमची नवी पोरं त्याला विचारतात, “घाबरलात का?” गिऱ्हाईक “छे” म्हणतं आणि बादली घेऊन घरी जातं. मी त्यांना शिकवते, तसं विचारू नका. काय करायचं राहिलंय, ते विचारा. आणि जे सांगतील ते निमूटपणे करा, तेवढा वेळ मनगट देऊन ठेवा.