लाखोळीच्या डाळीचा भाव

आमगावच्या कॉलेजात मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. महागाई हटत का नाही, यावर माझं उत्तर ठरलेलं: पैसा फार, माल थोडा. फळ्यावर लिहायचं, खाली दोन रेघा ओढायच्या, विषय संपला. मग दुसऱ्या तुकडीवर नव्या मॅडम आल्या. त्या म्हणायच्या, पैशाला कायले दोष देता? डिझेल महाग, गोदामं नाहीत, मालच पोचत नाही. माझ्या तुकडीतली पोरं व्हरांड्यात उभी राहून त्यांचा तास ऐकायची. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू!

त्यात माझी पोरगी त्यांच्याच तुकडीत. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मॅडमचं जास्त पटून राहिलं." हातातला घास मी ताटात परत ठेवला. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर!

मॅडमनी सुचवलं, दोन्ही तुकड्या आठवडी बाजारात नेऊ, विकणाऱ्यांनाच विचारू. मी लगेच हो म्हटलं. लोकांच्या तोंडून माझं उत्तर निघालं की पोरगी पुन्हा माझ्या बाजूची, एवढंच डोक्यात.

लाखोळीची डाळ विकणाऱ्या बाईपुढे थांबलो. मॅडमनी विचारलं, "बाई, भाव काऊन चढवला? गाडीभाडं वाढलं का?"

"नाही जी, डोक्यावर तं आणतो."

मी पुढे सरकलो. "मग गिऱ्हाइकाच्या हाती पैसा वाढला असेल!"

"कुठचा पैसा जी!" बाई हसली. "मागच्या बाजारी तुम्हीच पाच किलो नेली ना? म्हणाले, घेऊन ठेवतो, आणखी चढते. मास्तर मानूस सांगते तं खरंच असन. मंग मी अर्धं पोतं घरीच ठेवलं. बाकीच्यायनंबी तसंच केलं."

पोरं खिदळली. पोरगी मान खाली घालून उभी. मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तिसरं कारण. भाव वाढेल असं धरून सगळे वागतात, म्हणून वाढतो. हे उद्या सर शिकवतील, दोन्ही तुकड्यांना."

दुसऱ्या दिवशी शिकवलं. पाच किलो डाळीसकट सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाहेर पडताना पोरगी म्हणाली, "बाबा, आज मस्त शिकवलं तुम्ही."

"मॅडमपेक्षा?" तोंडातून निघूनच गेलं.

ती म्हणाली, "मॅडम मागच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. दिसल्या नाहीत तुम्हाला?"

नव्हत्या दिसल्या. माझं सगळं लक्ष पोरीच्या तोंडाकडे होतं.