टॉवेलाखालचा सौदा

आधीच सांगून ठेवतो, मी असलं काय मानणारा माणूस न्हाय. सगळी हयात जनावरांच्या व्यापारात गेली. बैल घेऊन एकटा ओढ्या-ओघळीतनं चाललोय, मसणवट्याच्या कडंला बसून भाकरी खाल्लीय, कधी कोण आडवं आलं न्हाय. ह्या ग्रुपवर तुमचे भुताखेताचे अनुभव वाचतो आन् निम्म्याला हसतो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या बाबतीतबी एक गोष्ट झाली. रात्री न्हवं, भर दुपारी. आन् वडाखाली न्हवं, तर एसी लावलेल्या वर्गात. मी चौथी शिकलेला, एका बोटानं टाईप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी उचगावचा. धंद्यानं हेडी, म्हंजे बैल-म्हशींचा व्यापारी. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरनं टॉवेल टाकायचा, आन् आत बोटं दाबून बोलायचं. चारचौघांत उभं राहून सौदा व्हायचा, पण बाजूच्याला काय कळायचं न्हाय. तोंडानं आपलं पाऊसपाण्याचं चाललेलं असायचं.

ही विद्या मी आणखी एका माणसाला शिकवलेली — माझ्या बायकोला, हौसाला. लगीन झालं तवा आमच्यात थोरल्यांसमोर नवराबायकोनं बोलायची पद्धत न्हवती. म्हातारा, म्हंजे माझा बाप, सोप्यात बसलेला असायचा, आन् त्याचे कान लई तिखट. मग मी बाजारातनं आलो की हौसा हातपाय धुवायला पाणी द्यायची आन् टॉवेल पुढं करायची. त्या टॉवेलाखाली आमचं बोलणं. करंगळी दाबली की ‘न्हाय’. अंगठा धरला की ‘व्हय’. आन् सगळी मूठच आवळली की ‘आता तुमचा हट्ट पुरे, माझं ऐका.’ ती तिसरी खूण मी शिकवली न्हवती. तिनंच काढलेली. म्हातारा गेल्यावर मोकळं बोलायला मिळालं तरी ती सवय गेली न्हाय. विळ्यानं कापलेलं तिचं मधलं बोट कायमचं वाकडं होतं, त्यामुळं तिनं मूठ आवळली की ते माझ्या तळव्याला रुतायचं.

हौसा जाऊन बरीच वर्सं झाली.

आता मुद्द्यावर येतो. माझी नात ऋतुजा. तिला विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलला नंबर लागला. पोरगं — म्हंजे माझा मुलगा, तिचा बाप — म्हणतंय, “आबा म्हणतील तसं.” आन् आबा म्हणत होते न्हाय! कबनूरचं एक स्थळ आलतं. लूमवाले, घरचं चांगलं, पोरगा निर्व्यसनी. मी अर्धा शब्द देऊन बसलो होतो. शिवाय माझं एक साधं म्हणणं होतं, धंदा काय वर्गात बसून शिकत्यात? धंदा बाजारात शिकायचा, शेणात पाय भरवून.

ऋतुजा रडली न्हाय. तिनं सरळ विचारलं, “आबा, तुम्ही दात न बघता बैल न्हाय म्हणतासा व्हय?”

कुणावर गेलीय कुणाला ठावं.

मग मी म्हणलं, ठीक हाय. स्वतः बघतो. एक जरी खोड सापडली तरी सौदा मोडला, पुन्हा नाव काढायचं न्हाय. ती म्हणली, “चालंल.” ॲडमिशन पक्की करायचा तो शेवटचा दिवस होता. आम्ही दोघं गेलो.

तिथं मोहिते बाई म्हणून ऑफिसातल्या एक होत्या. त्या आम्हाला सगळं दाखवायला आल्या. मी पटका, धोतर, खांद्यावर टॉवेल, अशा थाटात पुढं. पहिली लायब्ररी. पुस्तकं उघडी, कुलूप न्हाय. मी विचारलं, “कोण उचलून नेलं तर?” बाई म्हणल्या, “आजोबा, दारातनं नेताना मशीन ओरडतंय.” मग कॉम्प्युटरची खोली. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर तांबडे-हिरवे आकडे पळत होते. शेअरबाजार म्हणं. पोरी-पोरांच्या माना त्या आकड्यांबरोबर वर-खाली. मी एका टेबलाला टिचकी मारून बघितली, एका खुर्चीचा पाय हलवून बघितला. पोरी हसायला लागल्या.

“आबा, लाज आणू नका की,” ऋतुजा.

“गप. बघू दे मला.”

पुढं काचेच्या खोल्या होत्या, चर्चा करायच्या. आत गोल टेबल, पाच-सहा जण वाद घालत होते. तोंडं हलत होती, हात हलत होते, पण बाहेर आवाज शून्य. मी तिथं उभाच राहिलो. का कुणास ठावं, मला आमचा बाजार आठवला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सौदा चाललाय, आन् ऐकू कुणालाच येत न्हाय.

मुलींची बसायची खोली बघितली, पाणी पिऊन बघितलं, पायऱ्यांशेजारचा चाकाच्या खुर्चीचा उतार चालून बघितला. कँटीनचा चहा मात्र पांचट निघाला. मी लगेच म्हणलं, “सापडली! ही खोड.”

“चहासाठी सौदा मोडतासा?” ऋतुजा म्हणली. “बाजारात असं कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला चप्पल काढून मारली असती.”

मोहिते बाई चहा फुंकत म्हणल्या, “चहाबद्दल आमचं काय म्हणणं न्हाय आजोबा, तो पांचटच हाय.”

शेवटी मोठा वर्ग. खाली मास्तरची जागा, आन् तिथनं वर चढत गेलेल्या रांगा. मैदानाच्या गॅलरीगत. मागच्या दारानं आम्ही वरच्या बाजूला शिरलो. पाय ठेवला आन् दिवे आपोआप लागले. बाई म्हणल्या, “छतात डोळा हाय. माणूस हलला की दिवे लागतात. कोण हललं न्हाय की थोड्या वेळानं विझतात.” खुर्च्याबी तशाच. बैठक खाली करून बसायचं, उठलं की ती आपोआप वर जाते. टप्प करून. मी चार-पाच खुर्च्या बसून-उठून बघितल्या. सगळ्या टप्प, टप्प.

ऋतुजाचे दाखले तपासायचे होते म्हणून त्या दोघी खाली ऑफिसात गेल्या. “आबा, तिथं उत्तर सांगायचंय,” ती जाताना म्हणली. मी म्हणलं, “ये जाऊन. मी हितंच बसतो.” शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली एक खुर्ची सोडून बसलो. टॉवेल मांडीवर. खरं सांगायचं तर मनात ठरलं होतं. न्हाय म्हणायचं. खोड न सापडणं हीच मोठी खोड, असं काहीतरी बोलायचं आन् उठायचं.

एसीची बारीक घरघर. गारवा. मी हललो न्हाय, तसे दिवे विझले.

अंधार न्हवता तो. दाराच्या फटीतनं पांढरा उजेड येत होता आन् खाली उतरत गेलेल्या रांगा पाण्यातल्या पायऱ्यांगत दिसत होत्या. घाटावर बसल्यागत वाटलं. कुठंतरी लांब पोरांचे आवाज, तेबी पाण्याखालनं आल्यागत. मग ओल्या वैरणीचा वास आला. एसीच्या खोलीत वैरण... मला नवल वाटायला पायजे होतं, पण वाटलं न्हाय. सगळं बरोबर चाललंय असंच वाटत होतं.

आन् टॉवेलाखाली माझ्या हातात एक हात आला.

मी बघितलं न्हाय. सौद्यात टॉवेलाकडं बघायचं नसतं, समोर बघायचं असतं. जुनी सवय. मी खाली फळ्याकडं बघत राहिलो.

त्या हातानं माझा अंगठा धरला. व्हय.

मी करंगळी दाबली. न्हाय.

पुन्हा अंगठा, जरा जोरात. मी पुन्हा करंगळी. माझ्या मनात कबनूर, दिलेला शब्द, लोक काय म्हणतील, सगळं येऊन गेलं. ते सगळं मी त्या एका करंगळीत दाबलं. पलीकडं जरा वेळ काहीच न्हाय. हात तसाच, उबदार, खरबरीत. मी मनात म्हणलं, जिंकलो.

मग सगळी मूठ आवळली. आन् माझ्या तळव्याला एक वाकडं बोट रुतलं.

किती वेळ गेला कळलं न्हाय. एकदाच सांगतो, मला भ्या वाटलं न्हाय. बाजारातनं दमून आल्यावर हातपाय धुतले की जसं वाटतं, तसं वाटत होतं. मी तिचा अंगठा धरला. सौदा पटला.

डोळ्यातनं पाणी आलं म्हणून टॉवेल उचलला, तसे सगळे दिवे भक्कन लागले. वर्ग रिकामा. पण माझ्या शेजारची, कोपऱ्यातल्या खुर्चीची बैठक खाली झालेली होती. मी तिला हात लावला न्हवता. मी बघत राहिलो, आन् ती बैठक सावकाश, एखादं म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशी वर गेली. टप्प.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मी झोपलो की घोरतो, गल्लीला विचारा. आन् माझ्या घोरण्यानं मी स्वतःच जागा होतो. दुसरं — दारातनं कोण आत आलं असतं तर दिवे लागले असते की! नंतर मी गुपचूप मोहिते बाईंना विचारलं, “तो डोळा बिघडतो का कधी?” त्या म्हणल्या, “न्हाय आजोबा, पाल हलली तरी लावतोय.”

मी दारात उभा होतो तवा ऋतुजा वर आली. तोंड उतरलेलं. म्हणली, “सांगा आबा. काय खोड सापडली?”

“न्हाय सापडली. जा, पक्कं करून ये.”

ती मग पळाली. का व्हय म्हणलं ते तिला सांगितलं न्हाय, आन् कुठल्या खुर्चीवर बसलतो तेबी न्हाय. कबनूरच्या पावण्यांकडं स्वतः जाऊन शब्द मागं घेतला. जड गेलं. जन्मात पहिल्यांदा घेतला.

आता ती रोज जाते. परवा जेवताना तिच्या आईला सांगत होती, “अगं, आमच्या मोठ्या वर्गात शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली एक खुर्ची हाय. सगळ्या वर जातात, ती कधीमधी खालीच राहते. कोण बसल्यागत. मी तिच्या शेजारीच बसते, मागनं दिसतं चांगलं. सुतार आलता, स्प्रिंग बघितली, काय बिघाड न्हाय.” मग माझ्याकडं वळून हसली. “आबा, तुम्हाला खोड पायजे होती न्हवं? सापडली बघा.”

मी हातातला घास ताटात ठेवला.

“असू दे,” मी म्हणलं. “दुरुस्त करू नका म्हणावं.”

हे काय होतं, मला आजबी कळलेलं न्हाय. जेवण झाल्यावर हात धुतले, ऋतुजानं टॉवेल पुढं केला. मी तो जरा जास्तच वेळ हातात धरून उभा राहिलो.