गाऱ्हाण्याचं उत्तर

बाबांची वाचा गेली त्या आठवड्यात मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. ठरवून नाही. एक दिवस राहिला, मग दुसरा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला लावायचाच नाहीये. घरात कुणी विचारलं नाही. सकाळी बाबांचं आवरायचं, मग मुलुंडच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते तिथे जायचं, आणि संध्याकाळी परत त्यांच्याजवळ. बाकी सगळं गळून पडलं होतं.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही नेलं. माणूस ओळखायचे, हसायचे, रडायचे, पण तोंडातून फक्त "तो... तो..." एवढंच यायचं. पाणी हवं तरी "तो", पंखा बंद करायचा तरी "तो". आपल्याला हवा तो शब्द येत नाही हे त्यांना कळायचं, आणि मग ते भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहायचे. आठ महिने असेच गेले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "धीर धरा." मी धीर धरत होते, पण आतून देवाला एकच विचारत होते. ज्या माणसाने आयुष्यभर तुझ्यासाठी जीभ झिजवली, त्याचीच जीभ तुला घ्यायची होती का?

मी देवाला असं का विचारत होते ते सांगायला मला कांजूरमार्गच्या आमच्या चाळीपर्यंत मागे जावं लागेल. ती आता पाडली, तिथे टॉवर उभा आहे. पण तेव्हा तिथली निम्मी घरं मालवणकडची होती आणि चाळीचं गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा होता. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने केलेलं मागणं. एकाने मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. बाबा एका कारखान्यात फिटर होते. एरवी अगदी कमी बोलायचे. पण गणपतीसमोर नारळ हातात घेऊन उभे राहिले की त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी जी काय तोडकीमोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" आणि सगळी गॅलरी, जिन्यावर बसलेली पोरं, दारात उभ्या बायका, "व्हय म्हाराजा!"

नुसत्या गणपतीलाच नाही, कुणाची नोकरी, कुणाचं बाळंतपण, काहीही असो, बाबांना बोलावणं यायचं. माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरला तर त्यांनी भल्या सकाळी दारातच सुरू केलं. "ह्या चेडवाचो आज पेपर आसा. तिका सगळा आठवूंदे, आणि नाय आठवला तर तपासणाऱ्या मास्तराक दया येऊंदे रे म्हाराजा!" चाळ हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि मी लाजेने खाली मान घालून जिना उतरले. त्या सकाळचा डालड्याच्या डब्यातल्या तुळशीचा वास आणि आईने हातावर ठेवलेलं दही मला अजून आठवतं. आठवत नव्हता तो बाबांचा आवाज.

हे एका दुपारी लॅबमध्ये लक्षात आलं आणि मी घाबरले. फोनमध्ये शोधलं तर त्यांचं एकच रेकॉर्डिंग सापडलं. "हॅलो, ऐकू येता काय गो?" एवढंच. वाटलं, हळूहळू सगळंच पुसलं जाईल. त्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त काढताना त्यांच्या हातावरचं गोंदण दिसलं. कातडी सुरकुतली होती, पण हिरवी अक्षरं शाबूत होती. मनाशी ठरवलं, बाबांसाठी काहीतरी हातावर लिहून घ्यायचं, कधीही न पुसणारं.

पण काय लिहायचं? माझी कॉलेजला जाणारी मुलगी सायली फोन घेऊन शेजारी बसली. "मम्मी, 'श्रद्धा' बघ, फॉन्ट झकास आहे. किंवा संस्कृतमध्ये काहीतरी?"

"मला संस्कृत कुठे येतंय?"

"मग काय झालं? सगळे तेच करतात ना यार."

शेवटी एक संस्कृत ओळ निवडली आणि घाटकोपरला चष्म्याच्या दुकानावरच्या टॅटूवालीकडे गेले. तिशीची मुलगी होती. टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती, भिंतीवर चित्रं. तिने ओळ वाचली आणि विचारलं, "ताई, याचा अर्थ काय?"

मला धड सांगता येईना. काय झालं कुणास ठाऊक, मी त्या अनोळखी मुलीसमोर रडायलाच लागले. बाबांचं सगळं सांगून टाकलं. तिने मशीन बाजूला ठेवलं, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मग हे मी नाही काढणार. हे फोनवरचं आहे, त्यांचं नाही."

"त्यांना बोलता येत नाही गं. त्यांचे शब्द आणू कुठून?"

"तुम्हाला येतं ना बोलता? ते जे बोलायचे ते तुम्ही त्यांच्यासमोर बोला. रोज थोडं थोडं. ज्या शब्दाला त्यांचा चेहरा बदलेल, तो घेऊन या." मग जरा ओशाळून म्हणाली, "मला देवबिवातलं काही कळत नाही हां ताई. पण माझी आजी शेवटी कुणाला ओळखत नव्हती, तेव्हा आम्ही तिचेच शब्द तिला ऐकवायचो. तिला बरं वाटायचं."

घरी आल्यावर मी सुरुवात केली. आई होती तेव्हा तिच्यावर ओरडायचे ते, मला उठवायला म्हणायचे ते, मासे घेताना कोळणीशी घासाघीस करायचे ते. बाबा ऐकायचे, कधी हसायचे. बस. गाऱ्हाणं मात्र मी मुद्दाम टाळत होते. देवाचं नाव घ्यायचंच नव्हतं ना.

एका रविवारी सकाळी त्यांची दाढी करत होते. गालाला साबण लावला होता आणि सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग अगदी नाइलाजाने, हळू आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा..." बाबांचे डोळे माझ्यावर थांबले. मला पुढचं आठवेना. जे सुचलं ते बोलले. "ह्या तुझ्या लेकरान आयुष्यभर तुझी सेवा केली हा. काय चुकला असात तर माफ कर. तेका आता फार तरास देऊ नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आवाज जाड होता, ओठांवर साबण होता, पण दोन्ही शब्द स्वच्छ आले. माझ्या हातातला रेझर खाली पडला. सायली स्वयंपाकघरातून धावत आली, "मम्मी, कोण बोललं?" बाबा स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघत होते. मी पुन्हा म्हटलं, "चेडवाक, नातीक सुखी ठेव रे म्हाराजा!" आणि ते पुन्हा, या वेळी मोठ्याने, "व्हय म्हाराजा!" आम्ही तिघंही रडत होतो आणि हसत होतो.

व्यायामाच्या बाईंनी नंतर समजावलं, जन्मभर घोकलेले, ऐकलेले शब्द कधीकधी मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुखरूप राहतात. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. पण मला आणखी एक गोष्ट दिसली. बाबांनी आयुष्यभर मागण्याची बाजू सांभाळली होती, 'व्हय' म्हणायची बाजू चाळीची होती. आणि त्यांच्यात शिल्लक राहिलं होतं ते मागणं नाही. शिल्लक राहिलं होतं 'व्हय'. त्या संध्याकाळी मी दिवा लावला.

घाटकोपरला परत गेले तेव्हा ती मुलगी माझं तोंड बघूनच म्हणाली, "सापडलं ना?" मग आमचा अर्धा तास शब्दांवरच गेला. 'होय' की 'व्हय'? 'महाराजा' की 'म्हाराजा'? बाबांनी हे कधी कागदावर लिहिलंच नव्हतं. शेवटी तोंडात जसं येतं तसंच लिहायचं ठरलं, 'व्हय म्हाराजा'. तिने विचारलं, "अक्षरं तुमच्याकडे तोंड करून की समोरच्याकडे?" मी म्हटलं, "समोरच्याकडे. भरवताना बाबांना दिसली पाहिजेत."

त्यांना आता वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. पण घास घेताना ते डाव्या हाताचं बोट त्या अक्षरांवरून फिरवायचे. रोज संध्याकाळी मी गाऱ्हाणं घालायचे आणि ते उत्तर द्यायचे. जुन्या चाळीतली माणसं डोंबिवलीहून, विरारहून भेटायला यायची, आणि आमच्या दोन खोल्यांमध्ये पुन्हा तोच आवाज भरायचा. बाकीचं बोलणं काही परत आलं नाही. पण भिंतीकडे तोंड फिरवणं मात्र थांबलं. असं एक वर्षाहून थोडं जास्त मिळालं.

ते गेले ती दुपार होती. श्वास लांबत चालला होता. मी त्यांचा हात धरून बसले होते. त्यांच्या कानाशी वाकून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू तुझ्याकडे येता हा, तेका नीट सांभाळून घे रे म्हाराजा." उत्तराची वाट पाहिली. ओठ हलले नाहीत. सायलीने माझ्याकडे पाहिलं. आठ महिने मी देवाशी ज्या माणसावरून भांडले होते, तो माणूस माझ्या हातातून जात होता, आणि मला भांडण सापडत नव्हतं. मग त्यांच्या वतीने, आणि पहिल्यांदाच माझ्याही वतीने, मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."