चाचांची तहान

पिरॅमिड बांधणाऱ्यांची भाषा मेली असं म्हणणारा विद्वान कधी दहिवलीत फिरकला नाही, हे त्याचं नशीब. आमच्या शेजारच्या चाचांनी त्याला चहासुद्धा न विचारता कर्जत स्टेशनवर परत पोचवला असता. चाचा वीस वर्षं आखातात एसी दुरुस्त करत होते. तिथे त्यांच्या खोलीत इजिप्तचा एक ख्रिस्ती गृहस्थ राहायचा. तो रोज सकाळी प्रार्थना म्हणे, तीही अरबीत नव्हे, त्या जुन्या भाषेच्या शेवटच्या रूपात. पण ती आता चर्चपुरतीच उरलीय, घरात तिच्यात कुणी पाणीसुद्धा मागत नाही, हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. आणि चाचा शब्द देऊन बसले, "मी मागेन."

तेव्हापासून चाचांची नमाज अरबीत, भांडणं मराठीत आणि तहान इजिप्तच्या भाषेत. पाण्याला 'मोऊ'. हा एकच शब्द त्यांना धड येई, पण ऐट अशी की अख्खा इजिप्त यांच्याच जिवावर चालला आहे. नेरळच्या हॉटेलात मोऊ मागितलं की वेटर मेनूकार्ड आणून ठेवी. मराठीत मागाल तर पाणी मिळेल, असं घरी सुनेने बजावलं होतं. मीही यथेच्छ टिंगल करायचो. दाद दिली ती फक्त कशेळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीने. चाचांनी मोऊ म्हणायचं आणि तिने तांब्या पुढे करायचा. "कुठल्याबी भाषेत मागा, तहान तीच हाय ना," ती म्हणे. चाचा मला अभिमानाने सांगत, "भाषा जगवायला दोन मानसं बस झाली. एक मागनारा, एक देनारा."

मग चाचांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. तोंडातून नुसतं 'मो... मो' येई. दोन दिवस असेच कण्हतायत, मुलगा म्हणाला. मी, शहाण्याने, मान डोलावली. तेवढ्यात मावशी जीपने त्यांना बघायला आली. टोपली दारात ठेवून ती आत आली, क्षणभर ऐकत उभी राहिली आणि मला म्हणाली, "कन्हत नाय ते. पानी मागतायत."

तिने चमच्याने पाणी पाजलं. चाचा हसले, अर्ध्याच तोंडाने.

चाचांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांची फार आठवण येते आणि स्वतःची लाजही वाटते. कशेळ्याला गेलो की तहान नसली तरी मी मावशीसमोर उभा राहतो आणि मोऊ मागतो. ती तांब्या पुढे करते.