कुठे जायला आवडेल?

विमानाचं तिकीट काढताना मोबाइलवर 'कुठे जायचंय?' असं आलं, की मला वाळत्या मोहफुलांचा वास येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणात ती पसरलेली असतानाच गळ्यात ओळखपत्रं घातलेली विमान कंपनीची दोन माणसं आली. गावाजवळच्या नव्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाला प्रवासी मिळतील का, हे ती घरोघर जाऊन पाहत होती. "बाबाजी, सुट्टीत कुठे जायला आवडेल? गोवा, तिरुपती?" आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. धावपट्टीत आमचं जुनं घर गेलं, त्याआधीही जमीन घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी असंच गोड बोलून विचारलं होतं, कुठे जायला आवडेल. "कायले इचारून राहिले? आता हेबी घर पाहिजे का?" माणसं हसली. आजोबा मात्र दारात खाट आडवी टाकून अंधार पडेपर्यंत बसले. परवा आम्ही गोव्याला निघालो, तेव्हा मी शेजाऱ्यांना बजावलं, कोणी विचारलं तर सांगा, आम्ही परत येणार आहोत.