दाजी हवालदाराचा पाग

वेडं माणूस धरायचं तर दाजी हवालदाराला बोलवायचं, हे पनवेलात ठरूनच गेलं होतं. दाजी मूळचा मोरा बंदराचा कोळी. चौकीतल्या खुंटीवर त्याचा पाग टांगलेला असे. पाग म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं मासे धरायचं फेकजाळं. दाजी तो असा फेकी, की माणूस ओरडायच्या आत आडवा होई. लोक हातातली कामं टाकून बघायला धावत.

हे हदासाबाई झिराडकरांना सहन होईना. बाईंनी वेड्यांच्या इस्पितळात बावीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. नवरा वारला, दीर-जावा इस्रायलला गेले. बाई मात्र नोकरी संपल्यावर सत्तावन्न साली पनवेलला परतल्या आणि इस्रायल तळ्याजवळच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ.

मिठागरावरची वेणू त्यांच्या दारी आली ती तोंड सुजलेलं घेऊन. मूल गेल्यापासून वर्षा-सहा महिन्यांनी तिचं डोकं फिरे. त्या होळीला दाजीनं तिला पागात धरून चौकीपर्यंत फरफटत नेलं होतं. शिशाच्या माऱ्यानं पुढचा दात पडला होता. नवरा काशीराम शेजारी खाली मान घालून बसला होता. बाई जखम धूत असताना वेणू शुद्धीत, अगदी हळू म्हणाली, "पुन्यांदा पाग पडाची येल आली, त त्याच्या आदी कोयता माज्याच मानेवं घालीन."

बावीस वर्षांत असली बोलणी बाईंनी पुष्कळ ऐकली होती. कुठली खरी होतात तेही त्यांना ठाऊक होतं.

फौजदार नवा होता, शिकलेला होता. बाईंनी चार अर्ज केले, तेव्हा कुठे तो बाईंना शिपायांच्या चार शिकवण्या घेऊ द्यायला कबूल झाला. दिवस दाजीनं सुचवला: शनिवार. ज्यू बाई शब्बाथच्या विसाव्यादिवशी घराबाहेर पडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. बाई चालत आल्या. "शनिवारी मी चूल पेटवत नाही," त्या म्हणाल्या. "बोलायची मनाई नाही."

दोन शनिवार त्या बोलल्या. बारा हातांवर थांबा. एकानंच बोला. समोरच्या माणसापेक्षा खाली बसा, टोपी नि दंडुका बाजूला ठेवा. काय करणार ते आधी सांगा, मग करा. खोटं बोलू नका. काही झालं तरी धावून जाऊ नका. निळ्या अर्ध्या चड्ड्यांतले शिपाई जांभया देत ऐकत. एकानं विचारलं, इतकी वर्षं वेड्यांत राहून बाईंना वेड लागलं नाही का. दाजी म्हणाला, "बाय, येडा कोयता घेऊन आंगावं आला त त्याला काय ओवालाचा?" सगळे हसले.

तिसऱ्या शनिवारी बाई चौकीतल्या फळ्याकडे वळल्या आणि पाठीमागून पाग पडला. गळ्याच्या हाडावर शिसं बसलं. पदर गुंतला, चष्मा गेला. शांत राहायचं हे जन्मभर इतरांना शिकवलेल्या हदासाबाई जाळं दातांनी ओढू लागल्या. दाजीच्या आईवरून एक शिवीही त्यांच्या तोंडून गेली.

"बगा," दाजी म्हणाला. "नरसबाय पन येडी झाली."

"झाले ना," बाई जाळ्यातूनच म्हणाल्या. "शहाण्या बाईला एवढाच वेळ लागतो."

या वेळी हसणारे थोडे होते. पण फौजदारानं गडबड नको म्हणून चौथी शिकवणी रद्द केली. पाग पुन्हा खुंटीवर गेला.

दिवाळीनंतर वेणूचं डोकं फिरलं. ती कोयता घेऊन खाडीच्या बांधावर उभी राहिली आणि काशीराम चौकीकडे पळाला. फौजदार अलिबागला गेलेला. दाजीनं पागाला हात लावला नाही. त्यानं शिपाई पाठवून बाईंना बांधावर आणवलं आणि गावासमोर मोठ्यानं सांगितलं, की आज बाईच्याच विद्येनं काम होणार. वेणू मेली तर ते पाप बाईच्या डोक्यावर.

त्यानं बारा हात मोजले, तेही पावलं आपटत. "वेणू, मी आता टोपी कारतो," नाटकी सुरात तो म्हणाला. लोक खिदळले. "आता मी खाली बसतो." तो बांधाखालच्या चिखलात बसला.

वेणूनं कोयता आपल्या मानेला लावला. बाईंनी तोंडावर पदर धरला. एकानंच बोलायचं होतं.

"पाग कुठं हाय?" वेणूनं विचारलं.

"चौकीवं."

"खोटा."

"नाय आनला. हात बग." त्यानं हात वर केले.

ती बघत राहिली. भरतीचं पाणी चढत होतं. दाजीची चड्डी भिजली, मग कंबर. पुढचं काय करणार ते तो सांगत राहिला, आणि सुरातलं नाटक कधी गेलं हे त्यालाही कळलं नसावं. अर्ध्या तासानं वेणूनं हात उगारला नि कोयता त्याच्यावरच फेकला. तो गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पाण्याखालच्या चिखलात रुतला. शिपाई धावले. दाजी उठला नाही. "कोनी हलू नका," तो एवढंच म्हणाला.

वेणू बांधावरून उतरली आणि काशीरामच्या मागे घरी गेली.

कमरेपर्यंत चिखलानं माखलेला दाजी बाईंसमोरून गेला तेव्हा लोक त्यालाच हसत होते. "पानी चरला म्हनून उतरली ती," तो बाईंकडे न बघता म्हणाला. "तुज्या इद्येचा त्याच्यान काय नाय."

पुढच्या शनिवारी बाई न बोलावता चौकीत गेल्या. पागाची खुंटी रिकामी होती. दाजी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाईंनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली: बारा हातांवर थांबा.

"बारा नाय," दाजी भिंतीला म्हणाला. "पंधरा. बारा हातांवं कोयता लागतो."

बाईंनी पदराच्या टोकानं बारा पुसले आणि पंधरा लिहिले.